दोन हजारपट कशाला?

आयर्लंडच्या दक्षिणेला, मन्स्टर प्रांतातल्या एका दूध कारखान्यात मी नोकरी करते, पण दुधाशी माझा संबंध येतो तो ते वाया गेल्यावर. टाक्या, पाइप, चीजची भांडी धुतल्यावर जे पांढुरकं पाणी निघतं ते कारखान्याच्या मागच्या अंगाला आमच्याकडे येतं. आमच्याकडे म्हणजे ईटीपीवर, सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पावर. सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला ईटीपी समजावून सांगावा लागत नाही. साखर कारखाना असो, सूतगिरणी असो की दूध संघ, मागे तो असतोच आणि वाऱ्याची दिशा बदलली की गावाला कळतोही. इथेही रीत तीच. मोठ्या हौदात हवा घुसळायची, सांडपाण्यातली साखर आणि चरबी जिवाणूंना खाऊ द्यायची, गाळ खाली बसवायचा आणि वरचं नितळ पाणी नदीला सोडायचं. ते किती नितळ असावं हे पर्यावरण संरक्षण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या परवान्यात लिहिलेलं असतं.

रोज सकाळी हौदातल्या गाळाचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली पाहणं हे माझं पहिलं काम. बीओडीचा, म्हणजे पाण्यातली घाण जिरवायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो त्याचा, आकडा हातात यायला पाच दिवस लागतात. थेंब पाच मिनिटांत बोलतो. नुसते फ्लॅजेलेट सैरावैरा पळताना दिसले तर हौदाला कसला तरी धक्का बसलाय, नाहीतर गाळ अजून कोवळा आहे. देठावर घंटा लावल्यासारखे व्हॉर्टिसेलाचे झुपके दिसले तर चहा प्यायला हरकत नाही. रोटिफर आणि सूत्रकृमी वाढले की गाळ जुना झाला, थोडा काढून टाका. इथल्या गाई फेब्रुवारी-मार्चमध्ये वितात, गवतावर चरतात आणि मे महिन्यात दुधाला पूर येतो. डिसेंबरात कारखाना जवळजवळ गप्प असतो. म्हणजे हौदातल्या जिवांना मेमध्ये अजीर्ण आणि थंडीत उपास. मेमध्ये कधी कुणाच्या हातून ताकाची टाकी थेट गटारात सुटली की दुसऱ्या दिवशी व्हॉर्टिसेला देठ सोडून निघून गेलेल्या असतात. मागे नुसते देठ उरतात. कुणी काय सांडलं याची चौकशी मग सुरू होते, पण थेंबाने आधीच चुगली केलेली असते.

हे सगळं सांगायचं कारण, मी मायक्रोस्कोपवर काम करते हे ओळखीच्यांत पसरलं आणि घरात फिशटँक ठेवणारी माणसं मला विचारायला लागली: कुठला घ्यावा? टँकच्या फिल्टरमधला स्पंज म्हणजे छोटा ईटीपीच. तेच जिवाणू, तेच व्हॉर्टिसेला, तेच रोटिफर. त्यामुळे मला त्या प्रश्नात रस होता. पण प्रश्न विचारणाऱ्याने बहुतेक वेळा एखादं खोकं आधीच पसंत केलेलं असायचं आणि त्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं असायचं: २०००×.

या दोन हजारांबद्दल माझं मत कडक आहे. ऑब्जेक्टिव्हच्या, म्हणजे नमुन्याकडच्या भिंगाच्या, अंगावर दोन आकडे कोरलेले असतात. ४०/०.६५ असं लिहिलं असेल तर चाळीस ही त्याची पट आणि ०.६५ हे त्याचं न्यूमेरिकल अपर्चर. बारकावे दाखवायची ऐपत या दुसऱ्या आकड्यात असते. त्याला हजाराने गुणा. जे येईल त्यापुढची पट फुकट. म्हणजे चाळीसच्या ऑब्जेक्टिव्हला साडेसहाशे आणि शंभरच्या तेलाच्या ऑब्जेक्टिव्हला, ज्यावर १.२५ असतं, साडेबाराशे. मग दोन हजार येतात कुठून? डोळ्याकडच्या दहापटीच्या आयपीसऐवजी वीसपटीचा बसवला की झाले. दुधात पाणी घातलं की माप वाढतं, साय वाढत नाही. चित्र मोठं होतं, अंधारतं, कडा फुगतात, नवीन काहीही दिसत नाही.

शिवाय टँकमधला जीव पळतो. शंभरच्या ऑब्जेक्टिव्हची काच कव्हरस्लिपला जवळजवळ टेकलेली, मध्ये तेल, स्पष्ट दिसणारा थर एका मायक्रॉनहूनही पातळ. त्या खिडकीत पॅरामेशियम येतं आणि तुमचा हात स्क्रूवर जाईपर्यंत निघून जातं. एकूण चारशेपटीला दिसणारं वर्तुळ साधारण अर्ध्या मिलिमीटरहून लहान असतं. सायक्लॉप्ससारखा पाण्यातला बारीक कवचधारी प्राणी त्यात मावतही नाही. चाळीसपटीला तेच वर्तुळ साडेचार मिलिमीटर. घरी मी जे पाहते त्यातलं बहुतेक चाळीस आणि शंभरपटीला पाहते. चारशे कधीतरी लागतं, डायाटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाच्या कवचावरच्या रेघांसाठी किंवा एखाद्या सिलिएटचं तोंड नेमकं कुठे आहे यावर वाद झाला तर. जिवाणू ओळखायचे असतील तर गोष्ट निराळी, पण माशांच्या टँकवाल्याने जिवाणू ओळखून करायचं काय?

म्हणून मी उलट विचारायला लागले: तुम्हाला पाहायचंय काय?

लिमरिकच्या एका तरुण मराठी जोडप्याचा फोन आला होता. घरात चेरी श्रिंपचा छोटा टँक. ‘ताई, काचेवर पांढरे केस उगवलेत आणि श्रिंपची पिल्लं गायब होतायत. हजारपटीचा पाहून ठेवलाय, मागवू का?’ मी म्हटलं, मागवू नका. काच खरवडा, जॅमच्या बरणीत टँकच्याच पाण्यात घाला आणि रविवारी जेवायला या. आमच्या जेवणाच्या टेबलावर माझा स्टिरिओ मायक्रोस्कोप होता, वीस आणि चाळीसपटीचा. त्याखाली काचपट्टी लागत नाही. पेट्री डिश किंवा आइस्क्रीमच्या डब्याचं पारदर्शक झाकण सरळ ठेवायचं. भिंग आणि पाणी यांच्यामध्ये हाताची बोटं, चिमटा, ड्रॉपर सहज फिरतात. चित्र सुलटं दिसतं, म्हणून चिमटा उजवीकडे नेला की उजवीकडेच जातो. दोन्ही डोळ्यांनी खोली कळते. साध्या कंपाउंड मायक्रोस्कोपमध्ये यातलं काहीच नसतं.

संशयित तीन होते. प्लॅनेरिया असती तर ती काचेवरून सरकत गेली असती, डोकं त्रिकोणी, त्यावर दोन डोळे. ऱ्हॅब्डोसीला हे तिचेच छोटे नातलग, डोकं गोल, श्रिंपच्या दृष्टीने बहुतांशी निरुपद्रवी. बरणीतून निघाला हायड्रा. सुरुवातीला नुसता पांढरा गोळा. ढवळाढवळ झाली की तो असाच आक्रसतो. आम्ही वरण-भात संपवेपर्यंत त्याने अंग लांबवलं आणि सहा शुंडक पाण्यात सोडले. मग मी ड्रॉपरने सायक्लॉप्सचं एक पिल्लू जवळ नेलं. ते शुंडकाला नुसतं टेकलं आणि जागच्या जागी थांबलं. दंशपेशींनी काम केलं होतं. पुढे शुंडक आखडत गेला, तोंड पसरलं आणि पिल्लू आत गेलं. हायड्राच्या पोटाचा फुगवटा बाहेरून दिसत होता. पिल्लं कुठे जात होती हे वेगळं सांगायची गरज उरली नाही. बारीक भुकटीचं खाणं भरपूर घातलं जात होतं, त्यावर सूक्ष्म जीव माजले होते आणि त्यांच्यावर हायड्रा.

हे सगळं वीसपटीला. अब्राहम ट्रेंबली नावाच्या स्विस शिक्षकाने १७४०च्या दशकात हेगजवळ एका सरदाराच्या मुलांना शिकवता शिकवता हायड्रा कापून पाहिले, प्रत्येक तुकड्यातून नवा हायड्रा उगवतो हे दाखवलं आणि १७४४ साली ग्रंथ छापला. त्याच्याकडे होतं ते साधं भिंग. लिमरिककरांनी शेवटी स्टिरिओ घेतला. श्रिंप पाळणाऱ्या कुणालाही मी तोच आधी घ्यायला सांगते, आणि घरात लहान मुलं असतील तर वाद घालायलाही तयार असते.

आई उन्हाळ्यात इकडे आली होती तेव्हा तिलाही त्याच स्टिरिओखाली सायक्लॉप्स दाखवला. शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या थैल्या घेतलेली मादी, कपाळावर एकच लाल डोळा. मला वाटलं ती ‘किती गोड’ म्हणेल. ती दचकली आणि म्हणाली, ‘अगं, हा नारूचा!’ तिच्या लहानपणी माहेरच्या विहिरीचं पाणी धोतराच्या दुहेरी फडक्याने गाळल्याशिवाय घागरीत ओतत नसत. नारूची अळी सायक्लॉप्सच्या पोटात वाढते आणि न गाळलेल्या पाण्याबरोबर माणसाच्या पोटात जाते, हे शाळेत चित्र काढून शिकवलेलं तिला अजून पाठ होतं. प्रत्यक्ष जनावर मात्र ती सत्तरीत, आयर्लंडमध्ये, माझ्या टँकमधून काढलेलं पाहत होती. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला, इथे तर तो रोगच नाही, हे मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं. जाईपर्यंत टँकच्या पाण्याला हात लागला की साबणाने धूत होती.

स्टिरिओने भूक भागत नाही असेही असतात, आणि मी त्यांतली. मला घरी कंपाउंड हवा होता, पण कारखान्यात फेज कॉन्ट्रास्टची, म्हणजे पारदर्शक जीव ठळक दाखवणाऱ्या रचनेची, सवय झालेल्या डोळ्यांना खेळणं चालणार नव्हतं आणि नवं चांगलं यंत्र परवडणार नव्हतं. डब्लिनच्या एका कॉलेजने प्रयोगशाळा बदलताना जुने मायक्रोस्कोप विकायला काढले होते, तिथे गेले. जुन्या यंत्राची भीती बाळगू नये. ऑब्जेक्टिव्हचे आटे एकोणिसाव्या शतकात लंडनच्या मायक्रोस्कोपवाल्यांनी ठरवून दिलेले आहेत आणि आजही बहुतेक साध्या ऑब्जेक्टिव्हना तेच असतात, त्यामुळे एखादं खराब निघालं तर बदलता येतं. आधी खालचा-वरचा स्क्रू पूर्ण फिरवून पाहिला. ग्रीस वाळून घट्ट झालेलं असेल तर तो मध्येच अडतो. मग एक आयपीस काढून उलटा धरला. उलटा आयपीस म्हणजे उत्तम भिंग, त्यातून प्रत्येक ऑब्जेक्टिव्हची पुढची काच तपासली. ओरखडे, वाळलेलं तेल, आणि मुख्य म्हणजे बुरशी. कोकणात पावसाळ्यात कपाटातल्या कॅमेऱ्याच्या भिंगावर जे जाळं धरतं तेच इथे बाराही महिने धरू शकतं. मांडून ठेवलेल्यांपैकी सगळ्यांत चकचकीत दिसणाऱ्या यंत्राच्या चाळीसच्या ऑब्जेक्टिव्हमध्ये ते होतं. मी रंग उडालेला घेतला.

त्यात मी तीन गोष्टी पाहिल्या होत्या. एक, खाली-वर होणारा कंडेन्सर, म्हणजे खालून येणारा प्रकाश एकवटणारं भिंग, आणि त्याला खरी आयरिस, म्हणजे प्रकाशाचं छिद्र लहान-मोठं करणारा पडदा. स्वस्त यंत्रांत आयरिसऐवजी भोकं पाडलेली चकती असते. ती फिरवून प्रकाश कमी-जास्त होतो, पण हवा तिथे थांबत नाही. पाण्यातले जीव काचेइतकेच पारदर्शक. आयरिस सताड उघडी असेल तर पांढऱ्या प्रकाशात काही दिसत नाही. दांडी हळूहळू ओढत आणली की एका जागी अचानक कडा उमटतात, अंगातले कण दिसायला लागतात. फार ओढली तर प्रत्येक कडेला काळी दुहेरी रेघ. ती मधली जागा बोटाला कळायला हवी. दोन, मेकॅनिकल स्टेज, म्हणजे काचपट्टी दोन स्क्रूंनी सरकवणारी चौकट. नुसत्या क्लिपखालची पट्टी बोटाने ढकलत रोटिफरचा पाठलाग करून पाहा, मग पटेल. तीन, एलईडी. हॅलोजनचा दिवा सुंदर, पण थेंब तापतो आणि कडेने सुकायला लागतो. माझ्या यंत्राला हॅलोजनच होता. कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनने एलईडी बसवून दिला आणि मोबदल्यात त्याच्या मुलीला पॅरामेशियम दाखवावं लागलं.

नवा घेणाऱ्याला इथे एक हिशेब जास्तीचा करावा लागतो. ब्रिटनमधली दुकानं जवळची आणि भाषेची सोय, पण २०२१ पासून तिथून आलेल्या मालावर इथे येताना २३ टक्के व्हॅट लागतो, आणि दीडशे युरोंच्या वरच्या मालाला कस्टम्स ड्युटीही लागू शकते. जर्मनी-हॉलंडहून मागवला तर ती कटकट नाही, फक्त प्लग दोन पिनांचा येतो आणि इथल्या भिंतीत तीन चौकोनी भोकं असतात. अडॅप्टर आधीच घेऊन ठेवावा.

पहिल्या संध्याकाळी स्पंज पिळला. तपकिरी पाणी, एक थेंब, वर कव्हरस्लिप. रोटिफर दिसत होते पण जळवेसारखे अंग आखडत-लांबवत पार होत होते. कव्हरस्लिपच्या कडेला टिश्यू पेपरचा कोपरा लावला. पाणी ओढलं जाऊन थर पातळ होतो, जीव दबत नाही पण जागचा हलायला नाखूश होतो. एकाने पायाच्या टोकाने कचऱ्याचा कण धरला, डोकं बाहेर काढलं आणि दोन चक्रं फिरायला लागली. फिरतात ते केस, चक्र नव्हे, हे मला माहीत आहे. डोळ्याला मात्र चक्रच दिसतं. हिरवे कण त्या भोवऱ्यात सापडून आत जात होते आणि छातीच्या जागी जबड्याचे दोन तुकडे एकसारखे चघळत होते. नंतर मी पाच सेंटच्या नाण्याभोवती पेन्सिल फिरवून काळा कागद कापला आणि कंडेन्सरखालच्या फिल्टरच्या कड्यात मधोमध ठेवला. मधला प्रकाश अडला, कडेचा तिरका आला. पार्श्वभूमी काळी झाली आणि रोटिफर आतून उजळला. डार्क फील्डच्या नावाने वेगळा कंडेन्सर विकतात, त्याची किंमत या यंत्राएवढी होती. शंभरपटीपर्यंत कागद पुरतो.

याच देशात हे सगळं कुणी आधी केलं होतं ते मला उशिरा कळलं. काउंटी ऑफलीत फर्बेन गावाजवळ बॅलिलिन इथे १८२७ साली मेरी किंगचा जन्म झाला. लग्नानंतर मेरी वॉर्ड. लहानपणी भिंगातून किडे पाहून चित्रं काढत बसलेली असायची. जेम्स साउथ या खगोलशास्त्रज्ञाने ते पाहिलं आणि तिच्या वडिलांना मुलीसाठी चांगला मायक्रोस्कोप घ्यायला लावला. लंडनच्या अँड्र्यू रॉसच्या कारखान्यातला तो मायक्रोस्कोप तिने आयुष्यभर वापरला. काचेच्या पट्ट्या मिळायची पंचाईत, म्हणून हस्तिदंताच्या पातळ चिपांवर ती नमुने बसवायची. जवळच बर इथे तिचा मावसभाऊ लॉर्ड रॉस याने १८४५ साली जगातली सर्वांत मोठी दुर्बीण उभी केली होती, ७२ इंची आरशाची. सगळा युरोप ती पाहायला येई. मेरीने मात्र डासाची अळी आणि पतंगाच्या पंखावरचे खवले रंगवले. स्त्री म्हणून आणि पदवी नाही म्हणून कुणी छापणार नाही असं वाटून १८५७ साली तिने स्वतःच्या खर्चाने पुस्तकाच्या अडीचशे प्रती काढल्या. पुढच्याच वर्षी लंडनच्या प्रकाशकाने ते उचललं आणि पुन्हा पुन्हा छापलं. १८६९ साली बरमध्ये वाफेच्या गाडीतून पडून ती गेली. मोटारवाहनाच्या अपघाताचा पहिला ज्ञात बळी म्हणून प्रश्नमंजूषांत तिचं नाव येतं, याचा मला राग येतो.

दुसरा विल्यम आर्चर. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा पहिला ग्रंथपाल, पण जीव रमायचा पाणथळीत. विकलोच्या डोंगरांतल्या दलदलीतून बाटल्या भरून आणायच्या आणि डेस्मिड शेवाळं, कवचवाले अमीबा पाहायचे. त्याच्या नावाचा एक अमीबा आजही आहे, आर्चेरेला. त्याच्या बाटल्यांची मी नक्कल करते, थोड्या काळजीने. बाहेरच्या तळ्यातलं पाणी पाहायला आणावं, टँकमध्ये ओतू नये. आणि टँकचं पाणी, वनस्पती तर कधीच बाहेर टाकू नयेत. टँकसाठी पूर्वी विकली जाणारी लॅगॅरोसिफॉन नावाची वनस्पती २००५ साली गॉलवेच्या लॉख कॉरिबमध्ये सापडली आणि तिने तळाचे मोठाले पट्टे झाकले. ती काढण्यावर अजून माणसं आणि बोटी राबतात.

स्क्रीनवाल्या यूएसबी मायक्रोस्कोपबद्दल विचारणारे हल्ली वाढलेत. माझं उत्तर नाही असंच. खोक्यावरची पट स्क्रीनच्या इंचांत मोजलेली असते, त्याचा स्टँड टेबलावर पेन ठेवलं तरी हलतो, आणि पाण्यातलं काही पाहण्याजोगा प्रकाश खालून येत नाही. मुलाला काहीतरी द्यायचंच असेल तर स्टॅनफर्डच्या मनु प्रकाश यांच्या गटाचा कागदी फोल्डस्कोप द्या, १४० पट, दप्तरात मावतो आणि पडला तर रडारड होत नाही. मोठ्यांना फोटोचा सोस असतो. त्यासाठी तीन नळ्यांचं महागडं यंत्र घेण्याआधी आयपीसवर फोन धरणारी चिमटी घेऊन पाहावी.

आमच्या ईटीपीवरचा एक ऑपरेटर, निवृत्तीला आलेला, घरी थोडी गुरं बाळगून असलेला. माझ्या मागे उभा राहून वर्षानुवर्षं व्हॉर्टिसेला पाहायचा आणि ‘आज खूश आहेत’ किंवा ‘आज नाहीत’ एवढंच म्हणायचा. अंदाज सहसा बरोबर असे. मध्यंतरी म्हणाला, मलाही घ्यायचाय. पाहायचंय काय, विचारलं. म्हणाला, गुरांच्या पाण्याच्या कुंडात जे हिरवं धरतं ते. टँक त्याच्याकडे नाही, कुंड आहे. फरक काहीच नाही. जुनं यंत्र घेणार नाही म्हणाला, आयुष्यभर जुनीच यंत्रं दुरुस्त केली. मग दोन डोळ्यांचा, आयरिस असलेला कंडेन्सर, मेकॅनिकल स्टेज, एलईडी, ४, १० आणि ४०ची ऑब्जेक्टिव्ह, एवढं कागदावर लिहून दिलं. शंभरचं सोबत आलंच तर तेलाची बाटली उघडू नकोस, असंही सांगितलं. आता तो फोनवर फोटो पाठवतो. परवाचा क्लोस्टेरियमचा होता, चंद्रकोरीच्या आकाराचं शेवाळ, दोन्ही टोकांच्या पोकळीत थरथरणारे कण. फोटोत ते थरथरत नाहीत म्हणून त्याने खाली लिहिलं होतं, हलतायत, शपथ. मी उत्तर पाठवलं: स्फटिक आहेत ते, व्हिडिओ काढ.